दोन कॅलरी की चौदा?

पत्र: "सर, माझं वय 47, वजन 62 किलो. ऑफिस पाचव्या मजल्यावर आहे. दोन महिन्यांपूर्वी लिफ्ट सोडली, आता रोज दोनदा जिना चढते, खांद्याला तीन किलोची बॅग असते. मनगटावरचं घड्याळ एका चढाईला 14 कॅलरी दाखवतं, त्यामुळे मी खुशीत होते. मुलगा अकरावीत आहे. त्यानं पायऱ्या मोजल्या (90, प्रत्येकी 17 सेंटिमीटर) आणि गणित करून सांगितलं, आई, तू फक्त 2.3 कॅलरीचं काम करतेस. वर म्हणाला, संध्याकाळी तू खालीही येतेस, म्हणजे दिवसाचं एकूण कार्य शून्य! मी प्लँक करते त्यालाही हसला, हलतच नाहीस तर कार्य कसलं? सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर ऑफिसचा जिना चढला. मला 75 सेकंद लागतात, त्याला 65 लागले. तेव्हापासून 'माझी शक्ती जास्त' हे रोज ऐकतेय. त्याचं वजन 52 किलो. खरं कोण, घड्याळ की मुलगा? आणि एवढ्याशा दोन कॅलरींसाठी मी गुडघे झिजवू का?"

ताई, आधी तुमच्या मुलाची पाठ थोपटतो, मग कान धरतो.

पाठ यासाठी की त्यानं गणित चोख केलंय. मी पस्तीस वर्षं भौतिकशास्त्रातला कार्य आणि ऊर्जेचा हा धडा शिकवला आणि या उदाहरणात मुलं कुठे घसरतात ते मला तोंडपाठ आहे. कुणी जिन्याची तिरकी लांबी घेतं. घ्यायची असते सरळ उभी उंची, कारण गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, तिरकं नाही. कुणी किलोलाच बल समजतं आणि 9.8 नं गुणायचं विसरतं. कुणी बॅग खाली ठेवून देतं. आणि शेवटी कॅलरी करताना हजारपटीची गफलत हमखास होते, कारण घड्याळावर, व्यायामाच्या मशीनवर किंवा खाण्याच्या पाकिटावर जी 'कॅलरी' लिहितात ती खरं म्हणजे किलोकॅलरी असते. एक किलोकॅलरी म्हणजे 4184 ज्यूल. तुमच्या चिरंजीवांनी यातली एकही चूक केलेली नाही. तुम्ही आणि बॅग मिळून 65 किलो, त्याला 9.8 नं गुणलं की 637 न्यूटन बल. नव्वद पायऱ्या गुणिले 17 सेंटिमीटर म्हणजे 15.3 मीटर उंची. दोन्हींचा गुणाकार म्हणजे कार्य, 9746 ज्यूल, म्हणजे 2.3 किलोकॅलरी. पैकीच्या पैकी गुण.

आता कान. त्यानं जे मोजलं ते तुमच्या शरीरानं खर्च केलेलं नाही. तुम्ही वर पोचल्यावर तुमच्या आणि बॅगेच्या नावावर जी स्थितिज ऊर्जा जमा झाली ती त्यानं मोजली. पोचलेला माल मोजला, वाहतुकीचा खर्च मोजलाच नाही. आणि स्नायू हे वाहन फार उधळ्या स्वभावाचं आहे. चढण्यासारख्या किंवा सायकलसारख्या कामात स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातली साधारण 20 ते 25 टक्केच कार्य म्हणून बाहेर पडते. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते, आणि तिसऱ्या मजल्यावर तुम्ही कपाळ पुसता ते तिच्यामुळेच. 9746 ज्यूल कार्य हवं तर शरीराला 39 ते 49 हजार ज्यूल जाळावे लागतात, म्हणजे 9 ते 12 किलोकॅलरी.

यात एक किरकोळ भर घाला. नुसतं बसून राहिलं तरी शरीर चालू असतं, हृदय, मेंदू, यकृत सगळे आपापला वाटा घेतात. ढोबळमानानं एका किलोला तासाला एक किलोकॅलरी. तुमच्या वजनाला ते साधारण 72 वॉट (म्हणजे सेकंदाला 72 ज्यूल) होतात, जुन्या पिवळ्या बल्बएवढे. सव्वा मिनिटात त्याची एक-सव्वा किलोकॅलरी झाली. म्हणजे एकूण दहा ते तेरा. शिवाय वर पोचून तुम्ही मिनिट-दोन मिनिटं धापा टाकता, नाडी चढलेली असते, आणि घड्याळ बहुतेक करून नाडीवरूनच अंदाज बांधतं, म्हणून ते तेव्हाही मोजत राहतं. 14 हा आकडा थोडा सैल आहे, पण खोटा नाही. मुलगा खरा आणि घड्याळही जवळपास खरं, कारण दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. (घड्याळावर एरवी माझा फारसा विश्वास नाही. नाडी भीतीनंही वाढते आणि उन्हानंही, तेव्हा कुठलंही कार्य झालेलं नसतं.)

हा फरक किती मोठा असू शकतो ते बघायचं तर टोकियो ऑलिंपिक आठवा. मीराबाई चानूनं क्लीन अँड जर्कमध्ये 115 किलो उचलून रौप्यपदक घेतलं. जमिनीवरचा बार डोक्यावर जाईपर्यंत दीडेक मीटर चढला असं धरू. 115 गुणिले 9.8 गुणिले 1.5, म्हणजे 1700 ज्यूलच्या आत-बाहेर. किलोकॅलरीत 0.4! त्या दोन हालचालींमागची वर्षं मोजायला ज्यूल हे माप बनवलेलंच नाही. तेव्हा 'फक्त 2.3' मधला तो 'फक्त' मुलाला परत करा.

आता उतरण्याचं. 'वर गेलीस, खाली आलीस, एकूण शून्य' हे वाक्य पाठ्यपुस्तकात बरोबर आहे, पण तिथे ते गुरुत्वाकर्षणानं केलेल्या कार्याबद्दल आहे. चढताना गुरुत्वाकर्षणाचं कार्य ऋण, उतरताना तेवढंच धन, बेरीज शून्य. तुमच्या मांड्यांच्या खर्चाबद्दल त्यात अवाक्षर नाही. उतारावर ब्रेक मारताना विजेवरची गाडी काही ऊर्जा बॅटरीत परत भरून घेते. शरीराकडे अशी सोय जवळजवळ नाही. धावताना टाचेवरचा कंडरा रबरासारखा ताणून थोडी ऊर्जा परत देतो, तेवढाच अपवाद. पायऱ्या उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाता तुम्हाला सावरून धरतो आणि तुमच्या 9746 ज्यूलची तिथेच उष्णता होते. गेलेल्या कॅलरी परत मिळत नाहीत, उलट उतरायला थोड्या आणखी लागतात.

पण 'थोड्या' हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि त्यासाठी मला फार आवडणारा एक प्रयोग सांगतो. 1952 साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीनं जोडल्या. एकानं नेहमीसारखे पुढे पेडल मारायचे, दुसऱ्यानं मागे फिरणाऱ्या पेडलना पायानं रोखत राहायचं. साखळी एकच, त्यामुळे बल सारखं आणि वेगही सारखा. एकाचं कार्य धन, दुसऱ्याचं तेवढंच ऋण. दोघांच्या श्वासातला ऑक्सिजन मोजला तेव्हा रोखणाऱ्याचा खर्च पेडल मारणाऱ्याच्या कितीतरी खाली निघाला. रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा रोखायला एक तरुणी बसली होती आणि पेडल मारायला एक तरुण. थोड्याच वेळात तो दमून गेला, तिला मात्र विशेष काही वाटलं नाही. हा किस्सा घरी जरूर सांगा.

ताणत जाणारा स्नायू कमी खर्चात जास्त बल देतो, म्हणून उतरणं सोपं वाटतं. त्याची वसुली वेगळ्या ठिकाणी होते. सवय नसताना खूप पायऱ्या उतरलात तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात, आणि त्या चढण्यापेक्षा उतरण्यानं जास्त धरतात. तुम्ही गुडघ्यांचं विचारलंत म्हणून सांगतो, गुडघे दुखत असतील तर जिना चढा आणि उतरताना खुशाल लिफ्ट घ्या. त्यात कमीपणा नाही. आणि छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर गणित बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

प्लँकवर हसणाऱ्या मुलाला एक काम सांगा. भरलेली बादली हातात धरून, हात न हलवता, पाच मिनिटं उभं राहायचं. विस्थापन शून्य, कार्य शून्य. मग त्यालाच विचारा, घाम कशाचा? बादली टेबलावर ठेवली तर टेबल ती वर्षभर धरून ठेवेल आणि त्याला काही खावं लागणार नाही. स्नायू तसा नाही. तो आखडलेला दिसतो तेव्हाही आत त्याचे लाखो-करोडो सूक्ष्म हात दोर पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि दर पकडीला एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या इंधनाचा, एक रेणू खर्च होतो. बाहेरून निश्चल, आत सतत रस्सीखेच. बाहेर कार्य शून्य, म्हणजे सगळा खर्च उष्णतेत. ए. व्ही. हिल यांना 1922 चं नोबेल मिळालं ते स्नायूत तयार होणाऱ्या याच उष्णतेच्या अभ्यासासाठी. प्लँकला 'बल गुणिले विस्थापन' लावायचंच नाही. त्याचा खर्च काढायचा तर ऑक्सिजन मोजावा लागतो. एक लिटर ऑक्सिजन वापरला गेला की सुमारे पाच किलोकॅलरी जळल्या, असा प्रयोगशाळांचा हिशेब असतो. घरी तो जमणार नाही आणि जमवायची गरजही नाही.

सपाट रस्त्यावर चालण्याचं तेच. किलोमीटरभर चाललात, उंची बदलली नाही, सूत्र म्हणतं शून्य. प्रत्यक्षात दर पावलाला शरीर काही सेंटिमीटर वर उचललं जातं आणि खाली येतं, पाय पुढे फेकला जातो, थांबवला जातो. हे सगळं मोजत बसण्यापेक्षा ठोकताळा बरा. धावताना दर किलोमीटरला वजनाच्या किलोमागे एक किलोकॅलरी, चालताना साधारण त्याच्या निम्मी.

सूत्र खरं उपयोगाला येतं ते जिथे काहीतरी सरळ वर जातं तिथे. जिना, डोंगर, पुलअप, डंबेल. पुशअपमध्ये मात्र सगळं शरीर उचललं जात नाही, पाय टेकलेले असतात. किती उचललं जातं हे मला पुस्तकातून घ्यायचं नव्हतं, म्हणून वजनकाटा हाताखाली घेतला आणि पायाखाली तेवढ्याच उंचीची पुस्तकं ठेवली. मी 70 किलोचा. हात सरळ असताना काटा 46 दाखवत होता, छाती खाली नेली तसा 52 वर गेला. (बायकोनं वाचून दाखवला, मला त्या अवस्थेत मान वळवणं शक्य नव्हतं.) सरासरी 49 किलो धरले, खांदे 36 सेंटिमीटर वर येतात, म्हणजे एका पुशअपला साधारण 173 ज्यूल. वीस पुशअपना साडेतीन हजार. तुमच्या एका चढाईच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडंसंच जास्त, आणि मी जमिनीवर आडवा! जिना किती सोयीचा आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिथे देहाचं सगळं ओझं आपणहून वजन म्हणून कामाला येतं.

जिममध्ये वॉट दाखवणारी सायकल असेल तर एक सुंदर योगायोग लक्षात ठेवा. मशीनवरचे वॉट म्हणजे पेडलवर पोचलेलं कार्य, दर सेकंदाचं. 100 वॉटनं अर्धा तास, म्हणजे 1800 सेकंद, चालवलीत तर 180 किलोज्यूल कार्य झालं. शरीरानं किती जाळलं? तेही सुमारे 180, पण किलोकॅलरी! कारण किलोज्यूलच्या किलोकॅलरी करताना 4.184 नं भागायचं आणि स्नायूंची उधळपट्टी धरून पुन्हा साधारण चारनं गुणायचं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. कॅल्क्युलेटर लागतच नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, एवढ्यासाठी जिना चढू का. वजन उतरवायला म्हणून विचारत असाल तर गोड बोलून फसवणार नाही. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं 7700 किलोकॅलरी. पंचवीस टक्क्यांच्या हिशेबानं तेवढ्यात बॅगेसकट तुम्ही साडेबारा किलोमीटर उंच चढाल. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट 8849 मीटर आहे. तुमच्या ऑफिसच्या जिन्याच्या भाषेत सव्वाआठशे चढाया. रोज दोन धरल्या तर कामाचे चारशेहून जास्त दिवस, तेही ताटात एक घासही न वाढवता. जिना हा वजन उतरवण्याचा कूर्म मार्ग आहे. मी तुमच्या जागी असतो तर कॅलरीकडे बघणंच सोडलं असतं.

बघायचं ते शक्तीकडे. इथे भाषा आपल्याला जरा चकवते. रोजच्या बोलण्यात शक्ती म्हणजे ताकद, अंगातला जोर. भौतिकशास्त्रात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, भागिले सेकंद. तुमची चढाई 75 सेकंदांत होते, म्हणून 9746 भागिले 75, म्हणजे 130 वॉट. दोन महिन्यांनी तोच जिना 65 सेकंदांत चढलात तर कार्य तेवढंच, कॅलरी जवळपास तेवढ्याच, पण शक्ती 150 वॉट. घड्याळाला तुमची प्रगती दिसणारच नाही, वॉटला लगेच दिसेल. जिना आणि स्टॉपवॉच ही जोडी काही घरगुती जुगाड नाही. मार्गारिया या इटालियन शास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात हीच पद्धत प्रयोगशाळेत आणली, पायऱ्यांवरून जोरात पळत जायचं आणि ठरावीक उंचीला लागलेला वेळ सेकंदाच्या बारीक भागापर्यंत मोजायचा.

तुम्ही पळू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, तीच बॅग घेऊन, कठड्याला न ओढता मोजा. कठडा ओढलात तर कार्य तेवढंच राहील, पण त्यात हातांचा वाटा येईल आणि मागच्या आठवड्याशी तुलना फसेल. पायरीची उंची घेताना मधल्या पायऱ्या मोजा. मजल्याची पहिली आणि शेवटची पायरी बरेचदा लहानमोठी असते. आणि 130 वॉट म्हणजे अश्वशक्तीच्या जेमतेम सहावा हिस्सा, म्हणून हिरमुसू नका. कसलेला व्यावसायिक सायकलपटू तासभर 400 च्या आसपास टिकतो. माणूस हे मुळात लहान इंजिन आहे. 12 जून 1979 ला ब्रायन ॲलन याच लहान इंजिनावर, पेडल मारत, पंख्याच्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. 2 तास 49 मिनिटं लागली.

राहिली शक्तीची स्पर्धा. मुलगा 52 किलोचा, बॅगेशिवाय. 52 गुणिले 9.8 गुणिले 15.3 म्हणजे 7797 ज्यूल, भागिले 65, म्हणजे 120 वॉट. तुमचे 130. आधी वर पोचला तो, पण शक्ती जास्त तुमची! तो लगेच म्हणेल की मग मी पुढे कसा? त्याचंही उत्तर द्या, नाहीतर अन्याय होईल. चढण्याचा वेग ठरतो किलोमागच्या वॉटवर. त्याचे 2.3, तुमचे बॅग धरून 2. तुमच्या 130 ची बरोबरी करायला त्याला तो जिना 60 सेकंदांत चढावा लागेल. किंवा पुढच्या सुट्टीला बॅग त्याच्या खांद्यावर द्या, तुम्ही मोकळ्या हातांनी चढा, आणि दोघांचे सेकंद मला कळवा.